रुमालाखालचा संगणक

आमच्या पेढीत संगणक निवडायचं काम माझ्याकडे आलं, ते मला संगणकातलं काही कळत होतं म्हणून नव्हे. मी पुस्तकं वाचतो, असा माझ्यावर जुना आरोप होता. लातूरच्या मार्केट यार्डात भर दुपारी आडतीच्या ओट्यावर बसून जो माणूस भावफलकाशिवाय दुसरं काही वाचतो, तो लोकांच्या लेखी एक तर विद्वान असतो किंवा बिनकामाचा. आमच्या मालकांनी माझ्या बाबतीत दोन्ही धरलं होतं. मी पेढीचा पत्रव्यवहार बघायचो. वजनात माल कमी भरला तर गिऱ्हाइकाला काय लिहायचं आणि जास्त भरला तर काय लिहायचं नाही, एवढं माझं खातं.

मालकांना सगळे अप्पा म्हणत. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाचा चांदीचा करंडा, खांद्यावर मोठा पांढरा रुमाल. मूठभर तूर हातात घेऊन ती कुठल्या तालुक्याची ते सांगायचे. चुकलं तरी कुणी चुकलं म्हणत नसे, त्यामुळे ते कधी चुकले नाहीत. त्यांचा मुलगा, धाकटे मालक, पुण्यात व्यवस्थापन शिकून नुकताच परत आला होता. आल्याबरोबर त्याने पेढीच्या मागच्या खोलीत काचेची केबिन बांधली, तिच्या दारावर अप्पांचं नाव लावलं आणि आत फिरती खुर्ची ठेवली. अप्पा त्या खुर्चीवर एकदाच बसले. खुर्ची फिरली. ते उतरले आणि पुन्हा बाहेर गादीवर, मुनीमकाकांच्या शेजारी, लोडाला टेकून बसायला लागले. केबिनचा उपयोग पुढे बँकेचे अधिकारी आले की त्यांना बसवायला होऊ लागला. त्यांना फिरायची सवय असते.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला रेल्वेने पाणी आलं ते हेच. यार्डात माल नव्हता, हमाल सावली बघून पत्ते खेळत होते. आमचे दोन्ही कूलर कोरडे पडले होते आणि मुनीमकाकांनी त्यातल्या एकात पेढीच्या छत्र्या ठेवल्या होत्या. दोन्ही वस्तूंना त्या वर्षी काम नव्हतं. धाकट्या मालकांचं म्हणणं, धंदा नाही तेव्हाच सुधारणा करून घ्यावी. शिवाय नवा जिल्हा होणार होता.

नवा जिल्हा आमच्याकडे दर वर्षी होणार असतो. उदगीर जिल्हा होणार ही बातमी मी कॉलेजात असल्यापासून ऐकतो आहे. तेव्हा नुकतंच लातूर जिल्हा झालं होतं, त्यामुळे लोकांना जिल्हे होतात याचा अनुभव होता. लातूर जिल्हा झालं त्या आठवड्यात बसस्टँडसमोरच्या चहावाल्याने आपल्या टपरीला ‘जिल्हा टी हाऊस’ अशी पाटी लावली होती. चहा तोच राहिला, कप लहान झाला. धाकट्या मालकांना मात्र हा इतिहास ठाऊक नव्हता. जिल्हा झाला की कलेक्टर येणार, कचेऱ्या येणार, सगळं ऑनलाइन होणार आणि आपण तयार असलं पाहिजे, असं त्यांनी गादीसमोर उभं राहून सांगितलं.

“हर एम्प्लॉयीची गरज वेगळी असते,” ते मला म्हणाले. “तुम्ही सगळ्या डेपोंवर जा. प्रत्येकाला विचारा, कसला कॉम्प्युटर पाहिजे. मग आपण तसा घेऊ.”

इथवर ठीक होतं. पुढे त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं. “येत्या दिवाळीच्या पाडव्यापासून वह्या बंद. ज्याला कॉम्प्युटरवर जमणार नाही, त्याला आपण सन्मानानं निरोप देऊ.”

सन्मान हा शब्द ऐकला की मी नोकरी कोणाची जाणार ते शोधतो. शोधायला लांब जावं लागलं नाही. मुनीमकाका आपल्या उतरत्या लाकडी डेस्कवर मान घालून लिहीत होते, आणि त्यांची मान जरा जास्तच खाली गेली होती.

मुनीमकाका अप्पांच्या वडिलांच्या काळापासून पेढीवर होते. मला ते ‘बाबा’ म्हणत, वयाने लहान माणसाला म्हणतात तसं. गेल्या वर्षभरात त्यांची एक नवी सवय मी पाहत होतो. बाहेरून आलेलं पत्र ते माझ्यापुढे धरत. “बाबा, हे जरा वाचून दाखव की. चष्मा घरी राहिला.” चष्मा त्यांच्या नाकावर असे. मी वाचून दाखवी. पुढे टँकरच्या रांगेत त्यांचा मुलगा भेटला, त्याने सांगितलं: मोतीबिंदू काढून झालाय, पण डॉक्टर म्हणतात दुखणं आत, पार मागं आहे, आहे तेवढी नजर राहील, मोठं अक्षर दिसेल, बारीक दिसणार नाही. “पेढीवर बोलू नका,” तो म्हणाला. “त्यांना कळलं मी सांगितलं, तर माझ्याशी बोलायचे न्हाईत.”

काकांनी वहीतला अक्षराचा आकार हळूहळू वाढवत नेला होता. एका पानावर आता पूर्वीच्या निम्मे व्यवहार मावत. अप्पांना वाटे धंदा वाढला, वह्या लवकर भरतात.

मी आधी संगणकवाल्याकडे गेलो. दुकानात तीन तऱ्हा होत्या. उचलून नेता येणारा लॅपटॉप, टेबलावरचा साधा, आणि टेबलावरचाच पण मोठ्या पडद्याचा. तिसरा इतका मोठा की समोर उभं राहिल्यावर माणूस आपोआप भांग नीट करतो. हा एकच घ्यायचा, आणि तो अप्पांच्या केबिनमध्ये ठेवायचा, हे धाकट्या मालकांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

“सर, स्कीम चालू आहे,” दुकानदार म्हणाला. “टेबलावरच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर पाचशे लिटरची टाकी फ्री.”

“आणि लॅपटॉपवर?”

“बॅग.”

“टाकीत पाणी?”

“पाण्याचं तुमचं तुम्ही बघा, सर.”

या एका स्कीमने पुढचा सगळा घोटाळा केला. मी मुखेडला पोचायच्या आत टाकीची बातमी तिथे पोचली होती. बातमी एसटीने जात नाही, त्यामुळे तिला थांबे नसतात.

मुखेडचा आमचा डेपो म्हणजे एक गोदाम, त्यात तूर-हरभऱ्याची थप्पी आणि सगळीकडे भुशाची धूळ. डेपो सांभाळणारे गृहस्थ पन्नाशीचे, मिशी राखलेले. त्यांच्या खुर्चीवर इतकी धूळ होती की ते उठले की त्यांचा आकार मागे राहत असे. अशा ठिकाणी टेबलावरचं यंत्र महिन्यात गुदमरून मेलं असतं. मी म्हणालो, “तुम्हाला लॅपटॉप बरा. काम झालं की मिटायचा, कपाटात ठेवायचा.”

त्यांना ते लागलं. “साहेब, मिटायचा म्हंजे? मुखेड नव्या जिल्ह्यात जाणार हाय. उद्या कलेक्टरचा मानूस आला तर मी त्याला काय दाखवू, मिटल्यालं?”

“मुखेड तालुकाच राहील ना?”

“हाव. पन जिल्ह्याच्या जवळचा तालुका.” ते थोडं थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, “टाकी काळी हाय का पिवळी?”

तिथून नांदेडमार्गे इस्लापूर. त्या बाजूला आमचा फिरता खरेदीदार होता, तरुण, गावोगाव मोटारसायकलवर हिंडणारा. त्याचं ऑफिस म्हणजे स्टँडजवळच्या हॉटेलातलं कोपऱ्यातलं बाकडं. सहस्रकुंडचा धबधबा जवळ आहे म्हणून मला तो आग्रहाने दाखवायला घेऊन गेला. धबधब्याच्या जागी नुसता काळा दगड होता. आम्ही दोघांनी त्याकडे आदराने पाहिलं आणि परत आलो.

“तुला तर लॅपटॉपच लागणार,” मी म्हणालो. “दिवसभर हिंडतोस.”

“न्हाई साहेब. टेबलावरचा द्या.”

“ठेवणार कुठं?”

“हाटेलात.”

“आणि लाईट?”

“येती की. काल आलती.”

“अरे, गावात माल घेताना काय करशील? टेबल पाठीला बांधून नेशील?”

तो हसला. “साहेब, घरी आई चार घागरी घिऊन हिंडून राहिली. टाकी आली तर एकदाच भरून ठिवता यील. कॉम्प्युटर काय, असाच पडून राहीन.”

एवढं सरळ उत्तर मला साऱ्या प्रवासात मिळालं नव्हतं.

नांदेडच्या मोंढ्यातली आमची शाखा एक ताई सांभाळत. या एका माणसाने मला माझ्या कामाबद्दल आदर वाटायला लावला. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि थेट सांगितलं, “साधाच चालतोय. फक्त माऊस डाव्या बाजूला पायजे, अन् त्याची तार लांब पायजे. मी डावरी हाय.”

“हे कधी बोलला नाहीत.”

“कसं बोलणार? अप्पांनी एकदा मला डाव्या हातानं मालाची पावती देताना बघितलं. तीन दिवस तोंड फिरवून बसले. म्हणले, लक्ष्मी जाती. म्हणून अप्पा आले की मी उजव्या हातानं लिहिते. लक्ष्मी ऱ्हाती, पण अक्षर जातंय.”

“आणि टाकी?”

“काका, टाकी कोण नको म्हणतंय?”

लातूरला आलो तेव्हा माझ्याजवळ सगळ्यांच्या मागण्या होत्या आणि एकही गरज नव्हती, ताईंची सोडून. मी मुनीमकाकांना विचारलं नव्हतं. धीर होत नव्हता. तेवढ्यात दुकानदाराने नमुन्यादाखल साधा संगणक पेढीवर आणून लावला. सगळे भोवती जमले. धाकट्या मालकांनी काकांना पुढे बोलावलं.

“काका, वाचा बरं, काय लिहिलंय?”

काका पडद्याजवळ गेले. आणखी जवळ गेले. नाक काचेला टेकलं तेव्हा थांबले. मग सरळ झाले आणि धोतराच्या सोग्याने काच पुसून म्हणाले, “काच चांगली हाय.”

सगळे हसले. धाकटे मालकही हसले, पण त्यांचं हसू जरा लवकर आटोपलं. काका आपल्या जागेवर जाऊन बसले. दुपारी हमाल जेवायला गेल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “सून चांगली हाय आमची. पन दिवसभर घरात बसणारं म्हातारं किती दिवस चांगलं वाटणार कुणाला? बाबा, पाडवा किती लांब हाय रं?”

मी त्यांना मोठ्या पडद्याबद्दल बोललो असतो तर त्यांनी मला हाकलून दिलं असतं. आणि धाकट्या मालकांना बोललो असतो तर त्यांनी काकांना शाल, श्रीफळ देऊन हाकललं असतं. मोठं अक्षर दाखवणारा संगणक पेढीत एकच येणार होता, आणि तो काचेच्या केबिनमध्ये जाणार होता, जिथे फक्त बँकेचे अधिकारी फिरत.

अखेर अप्पांनी सगळ्यांना लातूरला बोलावलं. मुखेडचे गृहस्थ, इस्लापूरचा तरुण, नांदेडच्या ताई, सगळे गादीसमोर सतरंजीवर बसले. मी दुकानातल्या तिन्ही तऱ्हा सांगितल्या आणि कोणाला कुठली योग्य ते वाचून दाखवलं. ताईंच्या डाव्या हाताचं मी बोललो नाही, नुसती तार लांब सांगितली. मी खाली बसायच्या आत गोंधळ सुरू झाला. मुखेडकरांना लॅपटॉप म्हणजे अपमान वाटला. इस्लापूरच्या तरुणाला बॅग म्हणजे फसवणूक वाटली.

अप्पांनी हात वर केला. “खरं सांगा. कॉम्प्युटर पायजे का टाकी पायजे?”

सगळ्यांनी सतरंजीचे धागे मोजायला घेतले.

अप्पांनी तिथेच संगणकवाल्याला फोन लावला. तो पाऊण तासात पेढीवर हजर झाला आणि अप्पांनी त्याच्याशी असा सौदा केला की मला त्या माणसाची दया आली. प्रत्येक संगणकावर टाकी, मग तो मिटणारा असो की न मिटणारा. बॅगा त्याने परत न्याव्यात. जाताना तो माणूस दारात थांबून मला म्हणाला, “सर, तुमचे मालक तूर सोडून कॉम्प्युटर विकायला बसले तर आम्हाला सांगा. आम्ही गाव सोडतो.”

“आता टाकी सगळ्यांना मिळाली,” अप्पा म्हणाले. “आता सांगा, कुणाला काय पायजे.”

मला वाटलं, आता मिटलं. मिटलं नव्हतं. आता त्याहून वाईट गोष्ट पुढे आली, ती म्हणजे मान. इस्लापूरचा तरुण म्हणाला, “नांदेडला टेबलावरचा अन् मला मांडीवरचा? माझी पायरी खाली हाय का?” मुखेडकर म्हणाले, “मालकाला जसा, तसाच डेपोला. न्हाईतर मला वहीच बरी.” आणि मुनीमकाका, ज्यांनी तोवर तोंड उघडलं नव्हतं, ते सगळ्यांवर आवाज चढवून म्हणाले, “मला सगळ्यात ल्हान द्या. ल्हानातलं ल्हान. मला काय दिसत न्हाई का?”

मी वैतागलो. एवढा प्रवास, एवढी धूळ, एवढे कोरडे धबधबे. मी म्हणालो, “अप्पा, आता एकच उपाय. हत्ता करा.”

हे मी टोमणा म्हणून बोललो, हे मला आजही सांगावंसं वाटतं. हत्ता म्हणजे बाजारातली जुनी रीत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडाने मात्र भलतंच बोलतात: न्हाई परवडत, उचला माल, घरी न्या. चारचौघांत तोंडाचा मान राहतो, आणि रुमालाखाली हात खरं बोलतात. धान्याच्या बाजारात ही रीत कायद्याने कधीच बंद झाली; जनावरांच्या बाजारात अजून दिसते. आणि तिचा एक कडक नियम आहे. रुमालाखाली जे कळलं ते घेणाऱ्याने कुणाला सांगायचं नाही.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा रुमाल काढला, झटकला आणि माझ्या अंगावर टाकला. “पंडित, आज पहिल्यांदा कामाचं बोलला. बसा इथं. तुम्ही घेणारे.”

“अप्पा, मी गमतीनं...”

“रुमाल हातात घिऊन गंमत नसती.”

धाकट्या मालकांनी पुण्याचं काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. तिथे असलं काही शिकवलं नव्हतं. अप्पांनी खुणा ठरवून दिल्या. एक बोट म्हणजे मिटणारा. दोन बोटं म्हणजे मोठ्या पडद्याचा. तीन बोटं म्हणजे साधा, टेबलावरचा. मूठ म्हणजे काहीच नको.

मी मांडी घालून बसलो. आधी मुखेडकर आले. रुमालाखाली हात घातला, आणि मिशी पिळत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मला तर मोठा पायजे. डेपोला शोभंल असा.” खाली त्यांनी माझं एक बोट दाबलं. धुळीची काळजी त्यांनाही होती तर.

मग इस्लापूरचा तरुण. “टेबलावरचाच!” असं तो म्हणाला आणि एक बोट इतकं लाजत दाबलं, की मला ते सोडून द्यावंसं वाटेना.

ताईंनी हात पुढे केला नाही. “मला रुमाल नको. मला तोंड हाय. साधा द्या, माऊस डावीकडं, तार लांब. अन् अप्पा, मी डावरी हाय. हे बघा, ह्याच हातानं नांदेडच्या मोंढ्यात तुमचा माल विकते.”

सगळे अप्पांकडे बघायला लागले. अप्पा छताकडे बघत होते. “मालाला डावं-उजवं नसतं,” ते शेवटी म्हणाले. “पावतीला असतं. पावती उजव्या हातानं देत जा.” ताई म्हणाल्या, “बरं.” पुढे त्यांनी काय केलं ते मी नांदेडला गेलो की बघत नाही.

मग मुनीमकाका आले. त्यांचा हात थंड होता. तोंडाने ते गर्जत होते, “ल्हान! ल्हान म्हणून दिलं न्हाई तर बघा!” आणि खाली त्यांनी माझी दोन बोटं धरली आणि दाबली, आणि दाबून सोडली नाहीत. माझ्या बोटांत कळ गेली. वर त्यांच्या चेहऱ्यावर एक रेषही हलली नव्हती. रीत बंद होईपर्यंत त्यांनी अप्पांच्या वतीने असे सौदे केले होते. हा पहिलाच स्वतःसाठी होता. “ल्हान,” ते पुन्हा म्हणाले, जरा हळू, आणि हात काढून घेतला.

आता काय करावं? मोठा एकच होता, आणि तो अप्पांचा.

“मी राहिलो की,” अप्पा म्हणाले. कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते गादीवरून सरकत माझ्यासमोर आले आणि हात रुमालाखाली घातला. “मालकाला मालकासारखं पायजे,” ते म्हणाले. “सगळ्यात मोठा. यार्डात कुणाकडं नसंल असा.” धाकटे मालक समाधानाने हसले.

रुमालाखाली अप्पांनी माझ्या तळहातावर मूठ ठेवली. घट्ट मूठ.

मी त्यांच्याकडे पाहिलं. कपाळावरचे तीन पट्टे हलले नाहीत. त्यांना संगणक नको होता. त्यांना बहुधा त्या फिरत्या खुर्चीपासूनच यंत्रांचं भय बसलं होतं, आणि मुलाने सगळ्या यार्डात सांगून ठेवल्यामुळे ते बोलूही शकत नव्हते. मोठ्या पडद्याचा संगणक ज्याला नको होता त्याला मिळत होता, आणि ज्याला हवा होता तो लहान मागत होता. दोघे शेजारी शेजारी बसून वर्षानुवर्षं सौदे करत आले होते, पण हा सौदा त्यांना माझ्या हातातून करावा लागला. आणि मला नियमाप्रमाणे तोंड उघडता येत नव्हतं.

मी रुमाल घडी घालून बाजूला ठेवला. घडी जरा सावकाश घातली, कारण विचार करायला वेळ हवा होता.

“ठरलं,” मी म्हणालो. “मुखेड आणि इस्लापूर, मिटणारा. नांदेडला साधा, लांब तारेचा. मोठा संगणक अप्पांचा.”

“केबिनमध्ये,” धाकटे मालक म्हणाले.

“नाही. अप्पांच्या जागेवर. अप्पांची जागा गादीवर आहे, मुनीमकाकांच्या शेजारी. केबिन बँकवाल्यांची.”

“गादीवर कॉम्प्युटर? आणि चालवणार कोण?”

मी रुमालाची घडी पुन्हा नीट केली. पुढचं अप्पांनी बोलायचं होतं, आणि ते बोलतील की नाही हे मला माहीत नव्हतं. अप्पांनी मुनीमकाकांकडे पाहिलं. काका आपल्या डेस्ककडे बघत होते.

“आजवर माझ्या वह्या कुणी लिवल्या?” अप्पा मुलाला म्हणाले. “मी? मालक कधी सोता लिवतो का? मी बोलणार, मुनीम लिवणार. कॉम्प्युटर माझा. बोटं त्यांची.”

“अप्पा, पण...”

“हत्त्यावर ठरलं. आता परमेश्वर आला तरी बदलायचं न्हाई.”

इस्लापूरचा तरुण हळूच म्हणाला, “अन् मुनीमकाकांनी तर ल्हान मागितला व्हता.” काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो टाकीचा रंग विचारायला लागला.

उद्घाटन धाकट्या मालकांनी थाटात केलं. फलक लागला, त्यावर अप्पांचा फोटो आणि त्याहून मोठा संगणकाचा. पाहुणे म्हणून एक पुढारी आले. पडद्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढले, कुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी मात्र यंत्रावर न शिंपडता वाटीत धरलं, कारण ते वर्ष तसं होतं. पुढाऱ्यांनी भाषणात नव्या जिल्ह्याची फाइल अंतिम टप्प्यात असल्याचं सांगितलं. मुखेडकरांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या. पुढारी जाताना टाक्यांकडे बघून म्हणाले, “ही योजना चांगली आहे. शासनाची आहे का?”

काकांना शिकवायला मी बसलो. ते लवकर शिकले. पण अक्षर त्यांनी वाढवत वाढवत इतकं मोठं केलं की पडद्यावर एका वेळी एकच नाव आणि एकच आकडा मावायचा. पाडव्याच्या सकाळी धाकटे मालक परीक्षा घ्यायला समोर येऊन बसले. “काका, हरभऱ्याचा साठा काढा, मुखेडचा.” काकांनी काढला. तो अंगठ्याएवढ्या अक्षरांत पडद्यावर उभा राहिला. “आता नांदेडचा.” तोही आला.

“अहो, हे लहान करा. सगळं एकदम दिसू द्या.”

“सगळं एकदम दिसाया मी काय देव हाय?” काका म्हणाले. “एका वक्ताला एक डेपो. आता तिसरा विचारा.”

धाकट्या मालकांनी तिसरा विचारला नाही. ते उठले, काकांना पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या आणि केबिनमध्ये जाऊन एकटेच फिरत बसले. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डेस्कखालून पाय पसरले फक्त, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

एक अडचण मात्र निघाली. ती मोठी अक्षरं रस्त्यावरून वाचता यायची. समोरचा आडत्या आमचा तुरीचा भाव आपल्या ओट्यावर बसून वाचू लागला आणि आमच्याहून दहा रुपयांनी वर बोली लावू लागला. हे अप्पांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि पडद्यावर टाकला.

तेव्हापासून पेढीचा कारभार असा चालतो. सौद्याची वेळ झाली की मुनीमकाका रुमालाचं एक टोक उचलून डोकं आत घालतात. थोड्या वेळाने अप्पाही दुसऱ्या बाजूने घालतात. त्यांनाही बारीक अक्षर दिसत नसावं, पण ते कोणी विचारलेलं नाही. आतून दोघांचं भांडण ऐकू येतं. “अप्पा, ते बटन दाबू नका.” “माझा कॉम्प्युटर हाय.” “तुमचा हाय, पन दाबू नका.” परवा मी सहीसाठी पत्र घेऊन गेलो. “अप्पा, सही,” असं मी रुमालाला म्हणालो. रुमालातून एक हात बाहेर आला, पेन घेतलं आणि आत गेला. थोड्या वेळाने दुसराच हात पेन परत द्यायला बाहेर आला, आणि पेन दिल्यावर त्याने माझी दोन बोटं क्षणभर दाबली.

मी कोणाला सांगितलं नाही. नियम आहे तो.